संस्थेकडे वेळ असतो, विद्यार्थ्याकडे नसतो: साताऱ्यातल्या एका वर्गप्रतिनिधीला उत्तर

साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे: "मॅडम, गुणांवरून माझी वर्गप्रतिनिधी म्हणून निवड झाली आणि विद्यार्थी परिषदेत नाव लागलं. आतापर्यंत एकच बैठक झाली, तीही गॅदरिंगची. मुलांचे खरे प्रश्न वेगळेच आहेत. प्रॅक्टिकल सुटायच्या आत गावाकडची गाडी निघून जाते. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं. मागच्या सत्राचा निकाल अजून लागलेला नाही. काहीजण म्हणतात निवेदन देऊन पेपरात फोटो देऊ, काहीजण म्हणतात संघटनेला बोलावून गेट बंद करू. घरचे म्हणतात यात पडू नको. मी काय करू?"

आधी सरळ उत्तर देते. पाण्याचा प्रश्न या आठवड्यात हातात घे. गाडीचा प्रश्न त्याच्या जोडीने सुरू कर, पण त्याला दोन-तीन महिने लागतील असं धरून चाल. निकालाबद्दल उद्याच एक अर्ज दे. गेट बंद करण्याची वेळ अजून आलेली नाही. फोटो काढायचाच असेल तर काम झाल्यावर काढा.

आता हे असं का, ते सांगते. मी साताऱ्यात आणि मधली काही वर्षं सांगलीत शिकवलं. विद्यार्थी विकास विभाग आणि एन.एस.एस. सांभाळताना पुष्कळ प्रतिनिधी जवळून पाहिले. त्यांतली तळमळीची, हुशार मुलंसुद्धा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडायची. त्यांच्याकडे वेळ नसायचा आणि समोरच्याकडे भरपूर असायचा. तुझंच बघ. पदवीच्या वर्षांतलं एक गेलं. दोन सत्रांच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग आणि सबमिशनचे दिवस वजा केले तर वर्षात कामाचे चार-पाच महिने उरतात. कार्यालयातली माणसं मात्र वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर असतात. ती वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी नियमाच्या बाहेर जाऊन पोरांना मदत केलेली मी पाहिली आहे. पण एखादा प्रश्न नुसता "बघू" म्हणून मार्चपर्यंत ढकलला की तो आपोआप मिटतो. जूनमध्ये नवी मुलं येतात, त्यांना तो प्रश्न आधी कुणी मांडला होता हेही ठाऊक नसतं. म्हणून प्रतिनिधीचं पहिलं कौशल्य भाषणाचं नाही. कोणता निर्णय कोण घेतो आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात घेतो, हे तिला माहीत असलं पाहिजे.

तू कुणाची प्रतिनिधी?

तुझी निवड गुणांवर झाली, मतांवर नाही. त्यात तुझा दोष नाही. महाराष्ट्रात एके काळी कॉलेजात निवडणुका होत. मारामाऱ्या आणि खुनासारखे प्रकार घडल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने कलम ९९ मध्ये पुन्हा निवडणुका आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि आळीपाळीने एक मागास प्रवर्गातला प्रतिनिधी, हे सगळे विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे, आणि प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडायचा. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, पण त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुका झाल्या पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या वयात मुलं आमदार-खासदार निवडतात त्या वयात त्यांना वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला कधीच पटलेलं नाही.

पण निवडणुकीची वाट बघत बसू नकोस. एखाद्या तासाच्या सरांकडून दहा मिनिटं माग आणि वर्गासमोर उभी राहा. सांग, "माझं नाव गुणांमुळे लागलं आहे. तुम्हाला चालत असेन तर हे तीन प्रश्न मी घेते. चालत नसेन तर कोण घेईल ते सांगा." हात वर होतील. त्या दहा मिनिटांनंतर प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुझ्या बोलण्याला वजन येतं, कारण मग तू एकटी बोलत नसतेस.

बैठक कधी घेतेस, तेही बघ. संध्याकाळी पाचनंतर बैठक ठेवलीस तर गाडीने जाणारे येणार नाहीत, म्हणजे ज्यांचा प्रश्न तेच गैरहजर. कमवा आणि शिका योजनेतली मुलं कामावर असतील. बऱ्याच मुलींना घरून तेवढ्या उशिरापर्यंत परवानगी नसते. उरतील ती पोवई नाक्याजवळ खोली घेऊन राहणारी मुलं, आणि त्यांचे प्रश्न वेगळे. साताऱ्यात हे विसरणं बरोबर दिसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथे १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं ते खेड्यापाड्यांतल्या, सगळ्या जातींच्या मुलांसाठी, आणि तिथली मुलं एकत्र राहून आपली कामं आपण करत. आजही साताऱ्यातल्या वर्गांत निम्मी गर्दी गावाकडून येणाऱ्यांची असते. बैठक मधल्या सुट्टीत घे. जे तेव्हाही येऊ शकत नाहीत त्यांना एसटी स्टँडवर जाऊन भेट. फलाटावर अर्ध्या तासात जे ऐकायला मिळतं ते सभागृहात मिळत नाही.

पाणी

हा प्रश्न आधी घे म्हणते त्याची दोन कारणं. निर्णय कॉलेजच्या आवारातच होतो, आणि तो लवकर सुटण्यासारखा आहे. पहिलं काम झालं की मुलांचा विश्वास बसतो. त्या विश्वासावर गाडीचं काम चालेल.

मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल मला नेहमी राग येतो, तो इथे लपवत नाही. सकाळी सातला घरून निघालेली मुलगी संध्याकाळी सहाला परत जाते आणि दिवसभर पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की जावं लागेल. मूत्रमार्गाच्या संसर्गाने मुली आजारी पडतात आणि त्याची नोंद हजेरीपटावर "गैरहजर" एवढीच होते. पाळीच्या दिवसांत तर कितीतरी जणी घरीच राहतात. हा सोयीचा प्रश्न नाही, शिक्षणाचाच आहे. मांडताना तसाच मांड.

पण मांडायचा कसा? मुली नावानिशी लिहून देत नाहीत, आणि त्यांना तसा आग्रहही करू नकोस. एक कागद स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लाव. वार, वेळ, पाणी होतं की नाही, कडी लागते की नाही, पॅड टाकायला डबा आहे की नाही. नुसती खूण करायची. दोन आठवडे. मग तक्ता बघितलास की कदाचित दिसेल की पाणी रोज दुपारी एकनंतर जातं. म्हणजे टाकी लहान आहे, किंवा मोटर दिवसातून एकदाच चालू होते. मी पाहिलेल्या अशाच एका ठिकाणी टाकी भरपूर मोठी होती, पण दुपारी मोटर लावायचं काम कुणाकडेच दिलेलं नव्हतं. शिपायांच्या पाळ्यांमधल्या फटीत ते पडलं होतं. एक ओळीचा कार्यालयीन आदेश निघाला आणि पाणी आलं. त्याआधी मुलींनी दोन वर्षं तक्रार केली होती, पण "पाणी नसतं" एवढंच म्हणून. कधी नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तक्ता घेऊन आधी तुमच्या महिला प्राध्यापकांपैकी एकीकडे जा, मग त्यांच्यासोबत प्राचार्यांकडे. प्राचार्यांना दुपारी दोनला स्वतः येऊन बघण्याची विनंती कर. केबिनमध्ये पाच मिनिटं बोलण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. दुरुस्तीला पैसे लागणार असतील, म्हणजे नवी टाकी किंवा जास्तीची युनिट्स हवी असतील, तर ते महाविद्यालय विकास समितीपुढे जातं. त्या समितीचा विचार तू केलेला नसशील. बहुतेक मुलं करत नाहीत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव या समितीचे सदस्य असतात, समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात, आणि कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तिथेच तयार होतं. तुमच्या परिषदेच्या सचिवाला विचार, त्याला बैठकीची सूचना येते का. येत असेल तर विषय बैठकीआधी लेखी द्यायचा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो आणि इतिवृत्तात राहतो. आयत्या वेळी तोंडी मांडलेला विषय बहुधा चहाबरोबर संपतो. येत नसेल तर ती सूचना मिळावी असा अर्ज दे, तोही नम्र शब्दांत. नवीन आर्थिक वर्षात पैसे हवे असतील तर मागणी डिसेंबर-जानेवारीत पोचली पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाचं होतं.

गाडी

हे काम मोठं आहे, पण त्यात शिकायलाही सगळ्यात जास्त मिळतं.

आधी प्रश्न फोड. गाडी लवकर निघते, की प्रॅक्टिकल उशिरा सुटतं? दोन्ही खरं असेल, पण दोन्हींची टेबलं वेगळी. गाडीची वेळ आगारात ठरते, बॅच कुणाची कधी हे तुमच्या विभागप्रमुखांच्या हातात. विभागप्रमुखांकडे आधी जा. लांबून येणाऱ्या मुलांची बॅच सकाळी आणि शहरातल्या मुलांची दुपारी, एवढा बदल बऱ्याचदा एका आठवड्यात होतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. फक्त कोण कुठून येतं याची यादी वेळापत्रक ठरायच्या आधी त्यांच्या हातात पडली पाहिजे. बॅचेस नावाच्या आद्याक्षरांवरून पाडण्याची जुनी सवय आहे, बाकी काही कारण नसतं. दुपारच्या बॅचला जाणाऱ्या शहरातल्या मुलांशी मात्र आधी बोल. त्यांना डावलून केलेला बदल टिकत नाही.

त्यानंतरही गाडीची अडचण उरली तर आगाराकडे जायचं. तिथे "विद्यार्थ्यांची गैरसोय होते" असं लिहिलेलं निवेदन नेऊ नकोस. तशी निवेदनं आगार व्यवस्थापकांकडे गठ्ठ्याने असतात. त्यांना फेरीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, दाखवावं लागतं. गाडी रिकामी धावली तर त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. तेव्हा त्यांच्या भाषेत लिही. एका पानावर तक्ता कर: गाव, थांबा, पासधारक विद्यार्थी किती, कोणत्या वारी, सध्याची शेवटची गाडी किती वाजता, हवी किती वाजता. परळी खोऱ्यातली मुलं वेगळी, मेढ्याकडची वेगळी, कोरेगाव-रहिमतपूरची वेगळी. सगळ्यांचं मिळून एकच मागणं केलंस तर एकाही मार्गाचं होणार नाही.

पासांची संख्या त्यांच्याकडेच असते. विद्यार्थ्याला मासिक पास भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत मिळतो. जून २०२४ पासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजांत देण्याची मोहीम सुरू केली, त्यासाठी कॉलेजकडून याद्या गेल्या असतील. तुमच्या कार्यालयातून ती यादी मिळाली तर तुझं अर्धं काम झालं. आणि पासवर जाणारा विद्यार्थी म्हणजे फुकट प्रवासी, असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांग की सवलतीची रक्कम शासन एसटीला देतं.

यात गावाला जोडून घे, म्हणजे मागणीला पाठबळ येतं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. ज्या गावातून पाच-सात मुलं येतात त्यांनी आपापल्या ग्रामसभेत "संध्याकाळची फेरी अमुक वाजता सोडावी" असा ठराव मांडायचा. बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, दवाखान्याला आलेली म्हातारी माणसं, यांनाही ती गाडी हवीच असते. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून गावाकडच्या गाड्यांत त्यांची गर्दी वाढली आहे. चार गावांचे ठराव, तुझा एक पानाचा तक्ता आणि प्राचार्यांचं शिफारसपत्र, एवढं घेऊन गेलीस तर व्यवस्थापक तुला खुर्ची देतील. आगारात झालं नाही तर वरचं टेबल विभाग नियंत्रकांचं. पूर्ण नवी फेरी मागण्यापेक्षा असलेली फेरी अर्ध्या-पाऊण तासाने पुढे नेण्याची मागणी लवकर मान्य होते, कारण त्यात गाडी आणि चालक वाढत नाहीत. "महिनाभर चालवून बघा, आम्ही भरून दाखवतो" असं म्हणायची तयारी ठेव. आणि खरंच भरून दाखवा. गाडी मिळाल्यावर मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून गेली, तर पुढच्या प्रतिनिधीला त्या आगारात कुणी उभं करणार नाही.

यादी का एवढी महत्त्वाची, याचं मी सांगलीत पाहिलेलं उदाहरण सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर मुलांची पुस्तकं, जर्नल्स, मार्कशीट्स चिखलात सापडली. "पूरग्रस्त विद्यार्थ्यांना मदत करा" अशी पत्रं सगळ्यांनीच दिली. पण काही मुलींनी वह्या घेऊन गल्लोगल्ली फिरून लिहून आणलं: कुणाचं काय गेलं, कुणाला कोणती कागदपत्रं पुन्हा हवीत, कोण अजून नातेवाइकांकडे राहतं. त्यांची यादी हातात आल्यावर आम्हा शिक्षकांना काय करायचं ते कळलं. कुणाला ग्रंथालयातून संच द्यायचा, कुणाला जर्नल पुन्हा लिहायला मुदत द्यायची, कुणाचा दुय्यम प्रतीचा अर्ज भरून घ्यायचा. मोघम मागणीला मोघम सहानुभूती मिळते. नाव-गाव असलेल्या मागणीला कुणालातरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

निकाल

इथे आधी तुझं कॉलेज कोणत्या छत्राखाली आहे ते बघ. तू नाव लिहिलेलं नाहीस, आणि लिहायची गरजही नाही. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. जिल्ह्यातली बाकीची बहुतेक पारंपरिक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. शिवाय काही कॉलेजं स्वायत्त आहेत, त्यांच्या परीक्षा ती स्वतःच घेतात. निकाल कुठे अडला हे कळल्याशिवाय ओरडलं तर चुकीच्या दारात ओरडणं होतं. बऱ्याचदा पेपर तपासून झालेले असतात आणि अंतर्गत गुण भरायचे राहिलेले असतात, तेही कॉलेजकडूनच.

कायदा तुझ्या बाजूने आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि काही झालं तरी ४५ दिवसांत निकाल लावावा, असं २०१६ च्या कायद्यातच आहे. अर्जात शेवटच्या पेपरची तारीख लिही, त्यापुढे किती दिवस झाले ते लिही, आणि निकाल कधी लागेल ते लेखी कळवावं अशी विनंती कर. प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाकडे. दोन प्रती ने. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घे, ती तुझी पोच. शिक्का मागायला मुलं लाजतात. लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

उत्तर आलं नाही तर पुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेला अशी समिती बंधनकारक केली आहे. निकालातला उशीर, शिष्यवृत्तीतला उशीर, माहितीपुस्तिकेत आश्वासन दिलेल्या सोयी न देणं, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. तुमच्याकडे तो कोण आहे, शोधून काढ. कधीकधी त्या विद्यार्थ्यालाच ते ठाऊक नसतं.

एखाद्या मुलाचा निकाल लागून गुण अनपेक्षित कमी आले असतील तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थ्याला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार माहिती अधिकाराखाली आहे, असं स्पष्ट केलं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही खर्च नाही, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. पण ऊठसूट माहिती अधिकार टाकू नकोस. जे विचारून मिळतं ते आधी विचार. अर्ज पडला की समोरचा माणूस बचावात जातो आणि तुझी पुढची तीन कामंही अडतात.

एक गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि तिच्याबाबत थांबायचं नाही. छेडछाड, लैंगिक त्रास किंवा रॅगिंगची तक्रार तुझ्याकडे आली तर ती तू सोडवायला जाऊ नकोस आणि मित्रांच्या गटात तिची चर्चाही करू नकोस. त्या मुलीला विचारून तिच्यासोबत अंतर्गत तक्रार समितीकडे जा. २०१५ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात त्या समितीवर विद्यार्थ्यांमधून निवडलेले प्रतिनिधी असायला हवेत. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ती वर्गाच्या फळ्याशेजारी लिहून ठेव.

संघटना आणि गेट

अभाविप, एसएफआय, एनएसयूआय, छात्रभारती, शिवाय पक्षांच्या युवा शाखा, सगळे साताऱ्या-सांगलीत आहेत. त्यांच्यापासून पळू नकोस. त्यांच्याकडे नियमांची माहिती असते, विद्यापीठात ओळखी असतात. फी, शिष्यवृत्ती, विद्यापीठाच्या पातळीवरचे प्रश्न अशांत एका कॉलेजचा आवाज पुरत नाही, तिथे त्यांचा उपयोग होतो. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज हजारोंनी अडतात तेव्हा एक वर्गप्रतिनिधी काय करणार? पण मागणीपत्र तुम्ही लिहिलेलं असावं, बोलायला तुमच्यातली मुलगी पुढे असावी, आणि चर्चेला बसताना तुम्ही खोलीत असावं. मागणीच्या पहिल्या ओळीत पाणी आणि शेवटच्या ओळीत एखाद्या नेत्याचा जयजयकार असं होऊ लागलं की मागे हट. उद्या दुसऱ्या विचाराच्या मुलींनाही तेच पाणी हवं आहे.

आंदोलनाच्या मी विरोधात नाही. काही दारं ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत. पण त्याआधी तुझ्याकडे पोच असलेला अर्ज, ठरलेल्या मुदतीनंतरचं स्मरणपत्र आणि भेटीत काय ठरलं त्याची लेखी नोंद हवी. मग धरणं धरलंत तर शिक्षकही मनातून तुमच्या बाजूने असतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वर्षातून अनेकदा लागू असतात, त्यामुळे पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका. आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुलं सैन्याची, पोलिसांची भरती आणि एमपीएससीची तयारी करतात. गुन्हा नोंद झाला तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो समोर येतो. पुढे उभं करणारा नेता तेव्हा सोबत नसतो. ज्याला जायचं आहे त्याने हे माहीत असताना जावं, आणि ज्याला नाही जायचं त्याला भित्रा म्हणायचं नाही.

कॉलेजच्या आवारात याहून सौम्य पण परिणामकारक मार्ग आहेत. काळी फीत लावून तासाला बसणं. प्राचार्यांना एकाच विषयावर शंभर वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली पत्रं. फलकावर रोज बदलता आकडा: "अर्ज दिल्याला आज २१ दिवस." हा शेवटचा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुणाचा अपमान नाही आणि विसरायला जागाही नाही.

परत येऊन सांगणं

बहुतेक प्रतिनिधी इथे कमी पडतात. केबिनमधून बाहेर आल्यावर त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर चार ओळी टाक: काय मागितलं, काय उत्तर मिळालं, पुढची तारीख कोणती. नकार मिळाला तरी लिही. मुलांना हरलेली प्रतिनिधी चालते, गप्प झालेली चालत नाही. गप्प झालीस की "मॅडमनी गोड बोलून गुंडाळली" किंवा "हिला बक्षीस मिळालं" अशा गोष्टी सुरू होतात, आणि त्या गोष्टी कामाला मारतात.

एक फाइल कर. पोच असलेले अर्ज, तक्ते, कुणाला कधी भेटलीस त्याच्या नोंदी. फोनमध्ये नको, कागदावर. फोन हरवतात आणि ग्रुप डिलीट होतात. पहिल्या वर्षातली दोन मुलं आत्तापासून सोबत घे, त्यांना आगारात, कार्यालयात, समितीच्या बैठकीनंतर चर्चेला घेऊन जा. तुमचं वर्ष संपेल तेव्हा गाडीचा प्रश्न कदाचित अर्ध्यावर असेल, आणि पुढच्या मुलांना तो पहिल्या अर्जापासून सुरू करावा लागू नये.

घरचं राहिलं. त्यांची भीती खोटी नाही. पोरगी शिकायला पाठवली आणि ती मोर्चात दिसली, हे गावात चार तोंडांनी पोचतं. त्यांच्यापासून काहीही लपवू नकोस. आगाराला दिलेल्या अर्जाची प्रत घरी दाखव आणि ग्रामसभेत तो ठराव मांडायला वडिलांनाच सांग. आठवड्यातले तीन तास या कामाला, त्याहून जास्त नाहीत, असं घरी कबूल कर आणि पाळ. सत्र परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे फाइल त्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडे दे. तरीही घरून विरोध राहिला तर तुमच्या महिला प्राध्यापकांपैकी ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे त्यांना आईशी एकदा फोनवर बोलायला सांग. आईशीच बोलायला सांग म्हणते, कारण दिवसभर पाणी न पिता काढणं काय असतं ते तिला समजावून सांगावं लागणार नाही.